माझ्या आईला हलकं कर

रानाच्या कुशीत एक गाव होतं आणि गावाच्या टोकाला एक झोपडी. तिथे येसू नावाची चिमुरडी आणि तिची आई हौसा राहायच्या. दोघी पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावायच्या. घरात पीठ कधी असायचं, कधी नसायचं.

हौसा लठ्ठ होती, चांगली गोल गरगरीत. आणि गावाला तर जणू दुसरं कामच नव्हतं! "हत्तीण आली, वाट सोडा," म्हणायचे. "हौसा, जरा कमी खा गं," हे तर तिला उपाशीपोटीही ऐकावं लागायचं. गेल्या नागपंचमीला ती वडाच्या झोक्यावर बसायला गेली, तर भीमाकाकू सगळ्यांदेखत ओरडली, "अगं बाई, फांदी मोडेल!" बायका खो खो हसल्या. हौसाही हसली. पण घरी येऊन तिनं दार लावून घेतलं आणि तेव्हापासून तिचं गाणं बंद झालं. ती चारचौघींत जेवेना. पाण्यालासुद्धा भर दुपारी जाई, विहिरीवर कुणी नसताना. बसल्या जागी असा उसासा टाकी की चुलीतली राख उडे. येसूला फार फार वाईट वाटायचं. तिला आईचं गाणं परत हवं होतं, बाकी काही नको होतं.

एका टळटळीत दुपारी येसू पानं आणायला रानात गेली. तिची सावली पायाखाली गोळा झाली आणि पाखरं एकदम गप्प झाली. देवराईतला गारंबीचा जाडजूड वेल वारा नसताना हलत होता. पुढे, मागे. पुढे, मागे. वेलावर एक इवलीशी परी बसली होती! पंख मोरपिशी, झगा केवड्याच्या रंगाचा, केसांत दवाचे लुकलुकते थेंब. ती खाली उतरली, पण तिच्या पावलांखालचं गवत वाकलं नाही. तिचा आवाज ओठ हलायच्या आधीच ऐकू येत होता.

"तू देवराईतलं पानही कधी तोडत नाहीस," परी म्हणाली. "म्हणून तुला तीन इच्छा. एका दुपारी एकच. बोललेलं परत घ्यायचं नाही. आणि नीट ऐक हं, मला मनातलं कळत नाही. कानावर येईल तेवढंच मी देते."

येसूला आईचा उसासा आठवला. "माझ्या आईला हलकं कर."

"केलं," परी म्हणाली आणि दिसेनाशी झाली.

येसू धावत घरी आली. झोपडीत आई कुठेच नव्हती.

"येसू, मला धर गं!" आवाज वरून आला. हौसा आढ्याला टेकून तरंगत होती! तेवढीच गोल, तेवढीच मोठी, पण सावरीच्या कापसासारखी हलकी. येसूनं तिचा पदर ओढून जात्याला बांधला. वारा आला की हौसा आढ्यावर आपटायची. थप्प. थप्प. वजन गेलं होतं, पण उसासा तसाच होता.

दुसऱ्या दुपारी येसू रडत रडत वेलापाशी गेली. "माझ्या आईला खाली आण!"

"आणलं."

हौसा खाली आली. तिची पावलं जमिनीला टेकली आणि मग जमिनीतच शिरू लागली. आधी घोटे, मग पोटऱ्या, मग गुडघे. खाली आण म्हटलं होतं, थांबव असं कुणी सांगितलं नव्हतं! येसूनं ओढलं, खणलं, पण काही उपयोग झाला नाही. तिसरा दिवस उजाडला तेव्हा हौसा कमरेपर्यंत जमिनीत होती. इच्छा एकच उरली होती आणि तीही चुकली तर आई कायमची जाणार होती.

येसू आईजवळ बसली. "आई, तुला नक्की काय जड होतं गं?"

हे हौसाला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मग ती हळूच म्हणाली, "अंग नाही गं बाळा. अंग माझंच आहे, त्याला मी वागवते. लोक बोलतात ना, ते जड होतं. घास घेतला की आठवतं. डोळा लागला की जागं करतं."

येसू टोपली घेऊन तशीच पळाली. सावली पायाखाली येताच तिनं एकेक शब्द जपून उच्चारला. "लोकांचं जे बोलणं आईच्या मनावर साठलंय, तेवढंच काढून घे."

"काढते," परी म्हणाली. "पण जड वस्तू कुठेतरी ठेवावी लागते. भीमाकाकूच्या मनावर ठेवू?"

येसूला क्षणभर वाटलं, ठेव! चांगली अद्दल घडू दे. पण आई जमिनीत कशी जात होती ते तिनं पाहिलं होतं.

"नको. कुणाच्याच नको. माझ्या टोपलीत टाक."

टोपलीत काळे खडे पडू लागले. टप, टप, टप. प्रत्येक खडा कुजबुजत होता. "हत्तीण... कमी खा... फांदी मोडेल..." येसूचे हात भरून आले, तरी तिनं टोपली सोडली नाही.

"आजवर स्वतःची टोपली कुणी पुढे केली नव्हती. म्हणून आज न मागितलेलंही देते, जमीन तुझ्या आईला सोडेल," परी म्हणाली, आणि या वेळी तिचे ओठ आवाजाबरोबर हलले. तिच्या पायाखालचं गवत वाकलं. सोनेरी, गुलाबी, निळाशार उजेड असा फुटला की सगळी देवराई लखलखली. उजेड ओसरला तेव्हा परी नव्हती. टोपलीत हिरवीगार पळसाची पानं होती आणि पाखरं पुन्हा किलबिलत होती.

येसू घरी आली तर हौसा दारात उभी होती, जमिनीतून मोकळी, पहिल्यासारखीच गोल गरगरीत. तिनं येसूला कुशीत घेतलं आणि येसू त्या मऊ मऊ कुशीत पार बुडून गेली.

नागपंचमी आली. हौसा सरळ वडाखाली गेली. भीमाकाकूनं तोंड उघडलं, "अगं बाई, फां..." आणि तिला ठसका लागला. तिनं तळहातावर थुंकून पाहिलं, तर एक काळा खडा! काकूनं मूठ मिटली आणि ती मुकाट्यानं मागे सरकली. त्या गावात अजूनही कुणी कुणाला चिडवायला गेलं की दाताखाली खडा येतो म्हणे.

हौसा झोक्यावर बसली. येसूनं पाठीमागून ढकललं. फांदी करकरली, सगळ्यांनी श्वास रोखला, आणि हौसा गाऊ लागली.