हैबतीचे हिवाळी सफरचंद

एका राज्यात सहा महिने ऊन असे आणि सहा महिने बर्फ असे. राज्य उंच डोंगरावर होते. लोक कष्टाळू, राजा धैर्यसेन न्यायी. पण त्या राज्याला एक शाप होता. राजाच्या आज्याने कालकंटक जादूगाराला एकदा दारातून उपाशी परत पाठवले होते. जाता जाता तो म्हणाला, "तुमच्या कोठारात काही टिकणार नाही. पहिले बर्फ पडेल त्या दिवशी दाण्याची राख होईल. बर्फाआधी तोडलेले फळ बर्फ वितळल्यावर गोड निघेल, तेव्हाच माझा शब्द मोडेल."

तसेच झाले. दरवर्षी पहिल्या बर्फाला कणग्या उघडाव्यात, तर आत राख. मग शिकार मिळाली तर शिकार, नाहीतर झाडाची साल. म्हातारी माणसे आणि तान्ही पोरे हिवाळ्यात गळत.

त्या राज्यात हैबती नावाचा माळी राहत होता. त्याचा धाकटा भाऊ केरू. आईबाप लवकर गेले, तेव्हा हैबतीनेच केरूला वाढवले. हैबती सावकाश, केरू उतावळा. गुरुजींनी पाटीवर 'ग' गिरवायला सांगितला, तर केरूने पाटीच फोडली आणि ओढ्याकडे धूम ठोकली. त्याचे शिक्षण तेवढेच.

कड्याच्या कपारीत पाखराने टाकलेल्या बीचे एक सफरचंदाचे झाड होते. हैबती ते जपत होता. बाराव्या वर्षी त्याला मूठभर फळे धरली: चपटी, हिरवी, जाड सालीची, एका गालावर तांबूस. केरूने एक चावले आणि थुंकले.

"दादा, आंबटढाण आहे! ह्याला बारा वर्षे पाणी घातलेस?"

"थोडा दम धर."

"कशाला? उद्या गोड होणार आहे का?"

"उद्या नाही," हैबती हसून म्हणाला.

आठ दिवसांनी कड्यावरचा दगड सुटला आणि हैबती त्याच्याबरोबर दरीत गेला.

त्या राज्याची रीत अशी की माळी मेला म्हणजे त्याने लावलेल्या किंवा जपलेल्या एका झाडाच्या लाकडावर त्याला अग्नी द्यायचा. कोणते झाड, ते चार जाणत्यांनी बसून ठरवायचे. केरूने कुणालाच विचारले नाही. डोळ्यांत पाणी नाही. कुऱ्हाड घेतली आणि कपारीतले झाड मुळापासून तोडले. फळांसकट ते चितेवर चढले. डहाळ्या रीतीप्रमाणे नदीत सोडल्या.

चिता विझली, तेव्हा समोरच्या दगडावर एक भारद्वाज येऊन बसला.

"शाबास, केरोबा! भावाला जाळलेस ते जाळलेस, त्याची बारा वर्षेही जाळलीस."

"पाखरा, तोंड सांभाळ."

"गेल्या साली त्या झाडाला एकच फळ आले होते. ते कपारीत पडून बर्फाखाली राहिले. चैत्रात मी चोच मारली. मध होता, मध! हैबतीला मीच सांगितले. यंदा मूठभर फळे पेंढ्यात ठेवून तो खात्री करणार होता, आणि मग राजापुढे जाणार होता."

केरू मटकन खाली बसला. मग ताडकन उठला. "मी थुंकलो होतो, तिथे बिया असतील. त्या पेरतो!"

"बी म्हणजे लेकरू. ते बापासारखे निघेलच असे नाही. डहाळी म्हणजे तो स्वतः. डहाळी शोध."

"कुठे?"

"नदी जाते तिथे. कालकंटकाच्या गडावर. वाहत आलेल्या डहाळ्या तो जुड्या बांधून ठेवतो."

केरूने भाकरी बांधली नाही की दाराला कडी घातली नाही. तो निघाला.

गडाभोवती काट्यांचे कुंपण होते. केरूने एक फांदी तोडली, तिथे दोन फुटल्या. दोन तोडल्या, चार फुटल्या. दुपारपर्यंत त्याने इतके तोडले की कुंपण त्याच्या पाठीमागेही वाढले आणि तो मधोमध अडकला. अंगातून रक्त निघाले. तेव्हा त्याला आठवले, आडदांड झाडाशी दादा कधी भांडत नसे. त्याने कुऱ्हाड टाकली. एकेक फांदी हळू वाकवली, दुसरीखाली अडकवली, मग तिसरी. फांदीला वाटले आपल्याला वळण लावतात, आणि ती फुटली नाही. दिवस मावळण्याआधी वाट झाली.

आत कालकंटक उभा होता. त्याची दाढी बर्फाची होती.

"कुंपण ओलांडून आला तो पाहुणा. पाहुण्याला मी रिकामा पाठवीत नाही. तो धडा मला तुमच्याच राजाने शिकवला. काय हवे?"

"माझ्या भावाच्या झाडाच्या डहाळ्या."

"ओळख आणि घे."

त्याने बर्फाची गुहा उघडली. आत हजार झाडांच्या हजार जुड्या होत्या, सगळ्या पाने गळालेल्या, सगळ्या सारख्या. केरूला अक्षर येत नव्हते, झाडांची नावे येत नव्हती. पण जीभ होती. त्याने एकेका जुडीची साल चावायला घेतली. कडू, तुरट, कडू. हिरड्या सोलल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी एका डहाळीने त्याचे दात आंबले आणि कान गरम झाले.

"हीच!" तो ओरडला. "असली आंबट दुसरी असूच शकत नाही."

"खरे," जादूगार म्हणाला. "आता शेवटचे. ही जुडी माझ्या हाती परत दे आणि भाऊ घेऊन जा."

त्याने टाळी वाजवली. समोर हैबती उभा राहिला. तीच घोंगडी, तेच किंचित वाकलेले खांदे.

"केरू," तो म्हणाला, "चल घरी."

केरूचा जुडी धरलेला हात आपोआप पुढे गेला. मग तो थांबला. आयुष्यात पहिल्यांदाच तो थांबला.

"दादा, तुझे झाड मी तोडले. फळांसकट जाळले."

"असू दे. चल घरी."

"असू दे?" केरूचा आवाज फाटला. "माझ्या दादाने आधी कानाखाली जाळ काढला असता. मग म्हणाला असता, गाढवा, काडी वाळायच्या आत कलम बांध." त्याने जुडी छातीशी धरली. "हा माझा दादा नाही. आणि असला, तरी त्याने मला हेच करायला सांगितले असते."

हैबती धुक्यासारखा विरला. पार विरेपर्यंत केरू त्याच्याकडे पाहत राहिला. मग पाठ फिरवून गड उतरला.

जुडीत सात काड्या निघाल्या. त्या त्याने ओल्या वाळूत पुरून हिवाळाभर गारव्यात ठेवल्या. बर्फ ओसरू लागले, तेव्हा रानसफरचंदाचे सात खुंट निवडले. खुंट तिरका कापला, काडी तिरकी कापली, सालीला साल भिडवली, सुताने आवळले, वर मेण लावले. दादाला हे करताना त्याने शंभरदा पाहिले होते आणि शंभरदा जांभई दिली होती. सहा काड्या सुकल्या. एकीच्या डोळ्यातून कोंब फुटला.

चौथ्या वर्षी तिला पाच फळे आली. ती तोडून केरूने पेंढ्याच्या पेटीत ठेवली. बातमी ऐकून राजा आला, प्रधान आला, आणि भुकेली रयत आली. प्रधानाने हात पुढे केला. केरू आडवा उभा राहिला.

"फळाला हात लावू नका."

"पोरा, कुणाशी बोलतोस?"

"भुकेल्याशी बोलतोय. महाराज, आज खाल तर दात आंबतील. चैत्रात खाल तर राज्य वाचेल."

राजाने आपले पागोटे उतरवून फळांच्या पेटीवर ठेवले. "हे उचलेल त्याची गाठ माझ्याशी."

पहिले बर्फ पडले. राज्यभर दाण्याची राख झाली. पेटीत पेंढा होता, फळे तशीच होती. केरू पेटीला टेकून बसला. पौषात साल पिवळी झाली, माघात सुरकुतली. गोड वास असा सुटला की मोह नको म्हणून पहारेकऱ्यांनी नाके बांधली. केरूच्या पोटात खड्डा पडे. तो बर्फ चघळी आणि बसून राही.

चैत्रात ओढे सुटले. राजाने पेटी उघडून आपल्या हाताने फळे चिरली, कागदासारख्या पातळ फोडी केल्या, आणि पहिली सर्वांत धाकट्या पोराला दिली. पोराने ती गिळली आणि पुन्हा तोंड उघडले. तत्क्षणी कणग्यांतली राख सळसळली आणि तिचे जव झाले. शाप मोडला.

शेवटची फोड केरूला आली. तो ती बराच वेळ चावत होता.

"कशी आहे?" राजाने विचारले.

"गोड आहे," केरू म्हणाला, आणि चार वर्षांनी पहिल्यांदा ढसाढसा रडला. राजा त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिला.

त्या फळाला लोक हैबती म्हणतात. तोडल्या तोडल्या त्याचे लोणचे घालावे, शिरका करावा. पौषात त्याचा मुरांबा होतो, चकत्या वाळवून मेंढपाळ बटव्यात नेतात. चैत्रात आजाऱ्याला किसून भरवतात, तो उठून बसतो. ज्याला घाई आहे, त्याने ते लावू नये.

शाप मोडल्याच्या दुसऱ्या दिवशी अकरा गावांची माणसे काड्या मागायला दारात उभी होती. केरूने डोळे धुतले, सुरीला धार लावली आणि पहिल्या माणसाला विचारले, "खुंट आणलास का?"

त्या राज्यातली भूक जशी सरली, तशी ऐकणाऱ्यांची सरो.