धोंडाईची चार बोटे

ऐका मंडळी. तारसांगवीच्या नदीवर पूल नव्हता आणि पैलतीरी जाण्यास केवळ एक नाव होती, त्या फार जुन्या काळची ही हकीगत आहे. गावाच्या कडेला, कळकाच्या म्हणजे बांबूच्या बेटाशेजारी धोंडाई नावाची बुरडीण एकटीच राहत असे. तिने विणलेल्या टोपलीतून नदीचे पाणीसुद्धा घरी आणता येई, असे म्हणतात. तिच्या घरी काजळी नावाची मांजरी होती, आणि तिच्या धाकाने त्या आळीत उंदीर पाऊल टाकीत नसे.

एके दिवशी एक वृद्ध भटकी बाई तापाने फणफणत धोंडाईच्या ओट्यावर येऊन टेकली. तिच्यापाशी दोन पांढरे उंदीर होते. उंदीर चिठ्ठी उचलीत आणि त्यावरून ती लोकांचे भविष्य सांगे. धोंडाईने तीन दिवस तिला पेज पाजली. परंतु ताप उतरला नाही.

"माझ्यामागं कुणी नाही गं," बाई म्हणाली. "ही दोन लेकरं तेवढी सांभाळ. मांजराच्या तोंडी देऊ नकोस."

"दिला शब्द," धोंडाई म्हणाली. त्या वेळी काजळी उंबऱ्यावर बसून मिशा चाटीत होती.

बाईने डोळे मिटले, आणि ही वार्ता गावभर झाली. रखमाजी पाटील चार माणसे घेऊन बेटापाशी आले.

"धोंडाई, लोक उंदीर मारायला मांजर पाळतात. तू तर मांजरीला घरबसल्या नैवेद्य आणून ठेवलास!"

माणसे पोट धरून हसली. धोंडाईचा हात मात्र विणीवरून हलला नाही.

"एक काहीतरी ठेव," पाटील म्हणाले. "मांजर नदीपलीकडं सोड, नाहीतर उंदीर रानात."

"काजळी माझ्या घरात जन्मली, पाटील. उंदरांसाठी मी शब्द दिलाय. दोन्ही इथंच राहतील."

"राहतील? मग वर्षभर राखून दाखव. एक जरी तिच्या पोटात गेला, तर शब्द मोडणाऱ्या माणसाला या गावात जागा नाही. बेट सोडून चालती व्हायचं."

"चालेल," धोंडाई म्हणाली आणि पुन्हा विणू लागली.

तिने उंदरांसाठी झाकणाची टोपली विणली, ती बुरुडांच्या रीतीप्रमाणेच. कळकाच्या कामटीची, म्हणजे चिरलेल्या पट्टीची, हिरवी, गुळगुळीत पाठ बाहेर ठेवायची, म्हणजे टोपली देखणी दिसते. पाचव्या दिवशी उंदरांनी आतून भोक पाडले. एकाने बाहेर तोंड काढले मात्र, काजळीने झडप घातली! धोंडाईने ओले फडके भिरकावले म्हणून जीव वाचला. शेपटी तेवढी गेली.

शेजारीण म्हणाली, "हाण त्या मेलीला!"

"तिला कशाला? ती मांजरासारखी वागली. चुकले माझे हात."

धोंडाईने ती टोपली मांडीवर घेऊन दिवसभर न्याहाळली, आणि तिला उमगले. कामटीची पाठ दगडासारखी टणक, पोट मऊ. पिढ्यान् पिढ्या बुरुडांनी टणक बाजू जगाला दाखविली होती, आणि मऊ बाजू उंदरांच्या दातांपुढे आली होती.

मग तिने उलटी वीण घातली: आतल्या टोपलीची पाठ आत, उंदरांसाठी. तिच्याभोवती दुसरी टोपली, पाठ बाहेर, मांजरीसाठी. दोहोंच्या मध्ये तळापासून झाकणापर्यंत चार बोटे मोकळी जागा. काजळीने बाहेरून पंजा घातला, तरी तो आतल्या भिंतीला पोचेना. तरीही धोंडाई विसंबली नाही. काजळीला बाहेर काढून, दाराला कडी लावूनच ती झाकण काढी, आणि उंदरांना हात लावला की हात धुऊन मगच मांजरीला कुरवाळी.

वर्ष सरायला एकच दिवस उरला. श्रावण चालू होता. धोंडाई सुपे विकायला वरच्या वाडीस गेली असता सकाळी नदीला पूर आला आणि तिचे घर गेले. ती धावत परतली तेव्हा पाटील नदीकाठच्या देवळाच्या पायरीवर उभे होते. तिने घराचे नाव काढले नाही.

"टोपली दिसली का?" एवढेच तिने विचारले.

ऊन कलल्यावर ती दिसली. गरगर फिरत, खालच्या अंगाने, प्रवाहाच्या उलट ती देवळाकडे आली, असे म्हणतात. झाकणावर काजळी बसली होती, भिजून निम्मी झालेली, दिवसभराची उपाशी. रखमाजी पाटील स्वतः कमरभर पाण्यात उतरले आणि त्यांनी टोपली ओढून काढली. धोंडाईने काजळीला शेजारणीच्या हाती दिले व झाकण उचलले. आत दोन्ही उंदीर जिवंत होते. बिनशेपटीचा दाणा कुरतडीत होता.

पाटलांनी हात जोडले. "धोंडाई, तुझी मांजर साध्वी झाली गं!"

"छे हो, पाटील. भूक तीच आहे. वीण पक्की आहे."

पाटलांनी फेटा सोडून टोपलीचे पाणी टिपले. दुसऱ्या दिवशी गावाने तिचे घर त्याच जागी उभे केले. ते उंदीर पुढे बारा वर्षे जगले, असे म्हणतात. आणि ते गेले तेव्हा काजळी रिकाम्या टोपलीपाशी तीन दिवस बसून होती. ती कशासाठी बसली होती, हे धोंडाईने कुणालाही ठरवू दिले नाही.

आजही तारसांगवीत श्रावणातल्या त्या दिवशी घरोघरी दुहेरी टोपली मांडतात. आत मूठभर दाणे, झाकणावर मांजरासाठी दुधाची वाटी. आणि दोन भाऊ शेजारी घरे बांधू लागले, की गवंडी त्यांच्या भिंतींमध्ये हात आडवा धरून जागा मोजतो. त्या जागेला धोंडाईची चार बोटे म्हणतात, आणि ती बुजविण्याचे धाडस तारसांगवीत अद्याप कोणी केलेले नाही.