पट्टीवरचे दात

एका गावात एक माळीकाका होते. गाव आंब्यांचं, आणि कलमं बांधण्यात काका एक नंबर. मनाने तर इतके मऊ, की रोपाला पाणी घालतानाही "गार लागतंय का रे?" असं विचारतील.

या काकांकडे दोघं जण शिकायला यायचे. सुगंधाचा डावा हात जन्मापासून कोपरापर्यंतच होता. दिगूला डोळ्यांनी दिसत नव्हतं. दोघंही विशीतले, आणि दोघांचाही जीव एकाच गोष्टीत अडकलेला: ओढ्याकाठची गावची रोपवाटिका. ती बंद पडली होती. सरपंचबाईंनी सरळ सांगितलं होतं, "तुम्ही बांधलेली कलमं जगली तर चालवा तुम्ही. नाही जगली तर मला बाहेरून माणूस आणावा लागेल."

आता कलम म्हणजे काय, तर आंब्याच्या कोवळ्या रोपाचा शेंडा छाटायचा, मधोमध चीर द्यायची, चांगल्या झाडाची काडी तासून त्या चिरेत बसवायची आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. पट्टी घट्ट हवी. सैल राहिली की काडी वाळलीच म्हणून समजा.

दिगू नुसत्या बोटांनी चाचपून काडी अशी बसवायचा की बघत राहावं. पट्टी सुगंधाकडे. एक टोक दातांत, दुसरं हातात. काका रोज म्हणायचे, "वा, जमतंय की."

पण जमत नव्हतं ना. पट्ट्या सैल राहायच्या. काकांना दिसायचं, पण सांगवायचं नाही. पोरगी दात आवळून एवढी खेचतेय, तिला चुकलं कसं म्हणायचं? मग दोघं घरी गेले की काका तिची पट्टी सोडायचे, नवीन घ्यायचे आणि स्वतः घट्ट बांधून टाकायचे. वर नियमही काढला, "कोंब फुटेपर्यंत कलमांना हात लावायचा नाही."

कोंब फुटले. जवळजवळ सगळ्यांना. तांबूस, कोवळे, चकाकणारे. दुसऱ्या दिवशी सरपंचबाई बघायला येणार होत्या. सुगंधा हौसेने एकेक कलम उचलून बघायला लागली आणि मध्येच थांबून पट्ट्यांची टोकं तपासायला लागली.

"काय गं, मेली की काय?" दिगूने विचारलं.

"नाही. मस्त आहेत. पण माझी नाहीत."

"म्हणजे?"

"माझ्या पट्टीच्या टोकाला दातांचे व्रण असतात. इथे एकालाही नाहीत."

काका झारी घेऊन तिथेच उभे होते. त्यांना खोटं बोलता येईना. "अगं, तुमची मेहनत वाया जाऊ नये म्हणून... एवढंसं तर केलं."

"रोपवाटिका मिळाल्यावर तिथेही रोज संध्याकाळी येणार का, काका?"

"येईन की."

"आणि तुम्हाला ताप आला तर?"

"तर कलमांनाही येईल," दिगू म्हणाला. मग हळूच पुढे म्हणाला, "पण सुगंधे, उद्या गप्प बसलो तर रोपवाटिका आपली आहे."

ते तर तिलाही माहीत होतं. रात्रभर तेच डोक्यात फिरत होतं. पण सरपंचबाई आल्या, कोंब बघून खूश झाल्या, आणि सुगंधाने सगळं सांगून टाकलं.

"सांगितलं नसतंस तर रोपवाटिकेची चावी दिली असती मी," बाई म्हणाल्या.

"माहितीये. पण ती काकांच्या हातांना मिळाली असती."

बाईंनी चावी परत कनवटीला खोचली. "मग पुन्हा बांधा. माझ्यासमोर. आणि काका, तुम्ही हात मांडीखाली घेऊन बसा."

काका खरंच तसे बसले. सुगंधाने पट्टी बांधली. सैल. दुसरी बांधली. तीही सैल. काकांची बोटं मांडीखाली नुसती वळवळत होती.

"काका, हात राहू देत, तोंड चालवा. कुठे चुकतंय?"

काका पहिल्यांदा खरं बोलले. "गाठ मारताना तू मान वळवतेस. तिथेच पट्टी ढिली पडते."

"एवढंच? मग मी तिथे अंगठा दाबून धरतो," दिगू म्हणाला. "तू मार गाठ. फक्त माझा अंगठा बांधू नकोस."

तरी पहिली बरीचशी वाळली. पुढची थोडी जगली. त्याच्या पुढची बरीच जगली, आणि मगच बाईंनी चावी काढली.

आता त्या रोपवाटिकेत आलेलं गिऱ्हाईक कोंब नंतर बघतं, आधी पट्टी बघतं. टोकाला दातांची खूण आहे ना? मग द्या. काका अजूनही संध्याकाळी येतात. स्टुलावर बसतात, हात मांडीखाली घेतात, आणि चुका सांगतात.

तात्पर्य काय, तर: ज्याच्यावर माया आहे त्याला त्याची चूक सांगा, ती गुपचूप दुरुस्त करून त्याचं शिकणं हिरावून घेऊ नका.