कानशीचं कातारकाम

हत्यारं बोलायची आणि माणसं ऐकून घ्यायची, तेव्हाची ही गोष्ट. लोहाराकडं जन्म काढलेल्या एका कानशीचे दात झिजले, तशी त्यानं तिला भंगारात फेकली. लाटणी कातणाऱ्या धाकू कातारीनं तिला उचलून आणलं, उरलेसुरले दात घासून सपाट केले, टोकाला धार लावली.

"आता लेथवर लाकूड कातायचं," तो म्हणाला. "आधी विस्तवात घालून तुला जरा नरम करतो, म्हणजे ठोकर सोसशील."

कानस फणकारली, "जन्मभर लोखंड खाल्लंय मी! लाकडापायी नरम होऊ? दात नेलेस, कडकपणा तरी राहू दे."

धाकूच्या हत्यारांतली म्हातारी पटाशी म्हणाली, "बाई, आम्ही सगळ्या त्या विस्तवातनं गेलोय. ऐक."

"तू गप गं, लाकूडखाऊ!"

धाकूला तिची कीव आली. कीव करायची ती अशी नव्हे, पण मेल्याला कोण सांगणार? त्यानं तिला तशीच गरगर फिरणाऱ्या पांगाऱ्याच्या लाकडाला लावली. लाकडात गाठ आली, ठोकर बसली आणि कानशीचे दोन तुकडे झाले.

भुशात पडल्या पडल्या ती पुटपुटली, "आक्का, एवढं मऊ लाकूड, आणि मी मोडले?"

पटाशीला रडू आवरेना. "लोखंड तुझ्यापुढं निमूट पडून असायचं, बाई. हे फिरत होतं."