कोंबड्याची कोरडी नखं

ओढ्याच्या पात्रात माणसांची घरं नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. पुराचं पाणी ओढ्यात मावेल का, हे पाहायला पक्ष्यांनी कोंबड्याला नेमलं. तो भर वैशाखात आला, पात्रातून ऐटीत फिरला आणि म्हणाला, “ओढा उत्तम आहे. माझी नखंसुद्धा भिजली नाहीत.”

टिटवी म्हणाली, “कोंबडेराव, ओढा गाळानं निम्मा भरलाय. हल्ली महिन्याचा पाऊस एका दुपारी कोसळतो. एकदा पावसात येऊन बघा ना.”

“पावसात मी खुराड्याबाहेर पडत नाही. तू खुशाल काठावर अंडी घाल.”

तिनं विश्वास ठेवला. आषाढात एका दुपारी ओढा फुगला आणि चारही अंडी वाहून गेली.

पुढच्या वैशाखात कोंबडा पुन्हा तपासणीला आला. टिटवी अजून काठावर ओरडत होती.

“ओढा तर कोरडा ठणठणीत आहे,” तो म्हणाला, “मग ही रडते कशाला?”