बाराव्यांदा परत आलेला खलिता

सोनकड्याच्या भुजंगराजांचा खलिता विशालनगरच्या वेशीवरून बाराव्यांदा परत आला, आणि राजांनी तोंडातला विडा भर दरबारात थुंकून टाकला.

खलित्याला नेहमीसारखी चिठ्ठी बांधलेली होती. प्रधानांनी घसा साफ करून पहिली ओळ वाचली, 'पत्र घेता येत नाही. धाडणारे राजेच आहेत, याची खात्री पटत नाही.'

आता बोला! गादीवर बसलेल्या राजाने आपण राजा असल्याचा दाखला द्यायचा, तोही वेशीवरच्या पहारेकऱ्याला! महाराज असे भडकले, की पुढची ओळ वाचायची प्रधानांची छाती झाली नाही. आधीच्या अकरा चिठ्ठ्यांचंही असंच झालं होतं.

काम काही साधंसुधं नव्हतं. राजकन्या मैनावतीचं लग्न विशालनगरात ठरलं होतं. मुहूर्त मान्य असल्याचा लेखी होकार पौर्णिमेच्या आत आला नाही, तर आम्ही दुसरी मुलगी बघू, असं सोयऱ्यांनी स्वच्छ कळवलं होतं. त्यांची पत्रं येत होती, यांची जात नव्हती, आणि पौर्णिमा आठ दिवसांवर आली होती. मैनावतीने तर रडून रडून डोळे सुजवून घेतले होते.

प्रधानांनी उपाय कमी केले नव्हते. एकदा खलित्यावर तांबड्या शाईने 'अत्यंत तातडीचे' असं तीनदा लिहिलं. परत! मग सोनेरी शाई, वर गुलाबाचं अत्तर. परत! मग एकाच दिवशी चाळीस नकला धाडल्या, म्हणजे एखादी तरी आत शिरेल. चाळीसच्या चाळीस परत आल्या, आणि तेव्हापासून सोनकड्याचा माणूस लांबून दिसला तरी पहारेकरी दार लावून घ्यायला लागला.

शेवटी राजांनी हुकूम सोडला. पत्र पौर्णिमेच्या आत पोचलंच पाहिजे, आणि मी कोण हे पटवायला मी स्वतः एक अक्षरही लिहिणार नाही. पोचलं नाही, तर पत्र नेणाऱ्या रखमाजी जासुदाची अर्धी मिशी उतरवून गाढवावरून धिंड काढायची.

रखमाजी घरी येऊन मिशीवरून हात फिरवत बसला. त्याची बायको येसू वाड्याच्या न्हाणीघरात पाणी तापवायची. बाई बोलायला फटकळ, पण हाती आलेला कागद वाचल्याशिवाय जाळायची नाही. आणि परत आलेले खलिते राजांच्या हुकमाने जायचे कुठे? तिच्याच बंबात! बाराही चिठ्ठ्या तिने शेवटच्या ओळीपर्यंत वाचून फळीवर ठेवल्या होत्या. पण बंबवालीला विचारतो कोण? आता नवऱ्याच्या मिशीवर बेतल्यावर मात्र तिने पदर खोचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजे पंचा नेसून, मुकुट काढून अंघोळीला आले, तर येसू न्हाणीघराच्या दारात आडवी उभी.

"कोण हवंय?" ती म्हणाली.

"येसू, डोकं ठिकाणावर आहे का? मी आहे!"

"मी म्हणजे कोण? माझ्याकडे यादी आहे. इथे अंघोळीला थोरले महाराज येतात, एवढंच तिच्यात लिहिलंय. ते तर वारले."

"अगं, मी त्यांचा मुलगा! गेली वीस वर्षं इथेच अंघोळ करतोय!"

"यादीत नाव चढवलंत?"

राजांनी पंचा घट्ट आवळला. थंडीने त्यांचे दात वाजायला लागले होते. येसूने मागे उभ्या असलेल्या वैद्यराजांकडे बोट दाखवलं. हे राजांचे मेव्हणे, हातात कायम केशवर्धक तेलाची बाटली.

"शिवाय यांच्या सोबत येणाऱ्याला मी आत घेत नाही. दिसेल त्याच्या डोक्यावर तेल ओततात."

राजांनी रागाने बोट उगारलं, आणि ते तसंच हवेत राहिलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "त्या चिठ्ठीत पुढे हेच लिहिलंय का गं?"

येसूने फळीवरच्या चिठ्ठ्या आणून पुढे ठेवल्या. वेशीवरच्या यादीत सोनकड्याचा एकच जासूद होता, धोंडू, आणि तो पंधरा वर्षांपूर्वी घरी बसला होता. वेशीला ठाऊक असलेल्या शिक्क्यावर हत्ती होता. राजांनी दोन वर्षांपूर्वी हौसेने सिंहाचा शिक्का करवला, तो कुणाला कळवलाच नाही, आणि तो सिंह दिसायचा मांजरासारखा. तिसरी गोष्ट म्हणजे रखमाजीच्या थैलीत प्रत्येक फेरीला वैद्यराज आपली हजारभर पत्रकं कोंबायचे, 'आठ दिवसांत टक्कल गायब'. पहारेकऱ्याने लिहिलं होतं, की असल्या थैलीतलं एकही पत्र आम्ही खरं धरत नाही.

"पण मी काही लिहिणार नाही म्हणून सांगितलंय," राजे म्हणाले. शब्द मागे घ्यायची त्यांना सवय नव्हती.

"लिहू नका की! वेशीला जे आधीच पटलंय, तेच पाठवा. धोंडूबाबा अजून धडधाकट आहेत, बैलगाडीत बसतील. जासुदांची नवी यादी आणि नव्या शिक्क्याचा ठसा प्रधान काढतील, त्याखाली हत्तीचा शिक्का उठवू. थैलीत ते आणि होकाराचं पत्र, दुसरं काही नको."

"तो शिक्का दोन वर्षं सापडत नाहीये!"

येसूने घंगाळ कलतं केलं. लंगड्या पायाखाली टेकण म्हणून हत्ती बसला होता.

राजे इतके हसले, की पंचा सावरायला वैद्यराजांना पुढे व्हावं लागलं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी धोंडूबाबा तंबाखू चघळत परतले. सोयऱ्यांना होकार पोचला, लग्न पक्कं झालं, आणि वेशीच्या यादीत रखमाजीचं नाव चढलं. राजांनी येसूला सोन्याच्या पाटल्या दिल्या आणि रखमाजीला मिशीला लावायला तुपाचा डबा. वैद्यराजांनी यापुढे आपली पत्रकं स्वतः, पायी न्यावीत असं ठरलं.

वेशीवरून आलेली चिठ्ठी या खेपेला प्रधानांनी शेवटपर्यंत वाचली. तळाशी पहारेकऱ्याने बारीक अक्षरात विचारलं होतं, 'ते तेल खरोखर लागू पडतं का?'

राजांनी मुकुट काढला, गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला आणि गदगदा हसत म्हणाले, "कळवा त्याला, मी सहा वर्षं लावतोय!"