निजलेल्या ओढ्याचा वकील

फार वर्षं झाली. तेव्हा कोरवड्याला यायला गाडीरस्ताही नव्हता. त्या काळी इथं केरबा वकील होऊन गेला. अंगात काळा कोट, पायात करकरणाऱ्या वहाणा आणि एक अजब खोड. अशील जे बोलेल तेच अर्जात लिहायचं, त्यात स्वतःचं शहाणपण घालायचं नाही. न्यायाधीश वैतागायचे, असं म्हणतात. पण केरबाचे दावे सहसा हरत नसत, म्हणून लोकांनी त्याला आमदारच करून टाकलं.

गावाला पाणी एकच, ते ओढ्याचं. होळीनंतर ओढा वाळूखाली जातो. त्याला आपण 'आटला' म्हणत नाही, 'निजला' म्हणतो. मग वाळूत हातभर झिरा खणायचा आणि घागरी भरायच्या. त्या साली सरकारी मोजणीदार आला. वाटेत त्याला भागाबाई परटीण भेटली.

"बाई, ओढ्याला पाणी आहे का?"

"निजलंय की," ती म्हणाली.

माणूस बाहेरगावचा. त्यानं लिहून टाकलं, 'ओढा मृत.' आणि मृत ओढे बुजवून त्यांवर रस्ते करायचा कायदा नेमका त्याच वर्षी सभागृहात येणार होता.

भागाबाई केरबाच्या दारात बसून रडली. "वकीलसायेब, माज्या तोंडानं वढा मेला वो! आता गाव काय पिणार?"

"तू खरंच बोललीस, बाई," केरबा म्हणाला. "त्यानं लिवलं खोटं."

सभागृहात तो उभा राहिला. "अध्यक्षमहाराज, मृत ओढे खुशाल बुजवा. पण निजलेले वगळा. कायद्यात तसा शब्द घाला."

सगळे खो खो हसले. "मग उठवून दाखवा," मंत्री म्हणाले.

"चला. साक्षीदार तिथंच आहे."

आणि आले की हो सगळे! ऐन वैशाखात, मोटारी खिंडीत सोडून, टोप्यांनी वारा घेत. भागाबाईनं गुडघे टेकून हातानं वाळू उपसली. वीतभर गेली, हातभर गेली, कोपर बुडालं. वाळू कोरडीच. मंत्री घड्याळ बघू लागले. बिचारी तरी उपसतच राहिली.

तेव्हा केरबानं वहाणा काढल्या, वाळूशी वाकला आणि हळूच म्हणाला, "ऊठ बाबा, साक्ष द्यायचीय."

पाणी उठलं. असं म्हणतात, की साठ आमदार प्याले, मंत्री तर दोनदा प्याले, तरी झिरा काठोकाठच. मग भागाबाईचा शब्द जसाच्या तसा कायद्यात गेला. खरं का खोटं? कायदा मी वाचलेला नाही, पण त्या झिऱ्याचं पाणी प्यायलोय.

पुढच्या निवडणुकीत केरबा पडला. का, तर म्हणे गावाला रस्ता झाला नाही! मला अजून राग येतो.

आजही होळीनंतर पहिला झिरा गावातली सगळ्यात वयस्क बाई हातानं खणते. सगळे वहाणा काढून उभे राहतात. केरबा वारला, असं कोरवड्यात कुणी म्हणत नाही, निजला म्हणतात. आणि ती बाई वाळूत तोंड घालून हाक मारते, "उठा वकीलसायेब, साक्ष द्यायचीय."